हुकूम सरकारचा, बोल दुकानदाराला

प्रवरेच्या कांठचें नेवासें म्हटलें कीं महाराष्ट्राला प्रथम आठवते ती ज्ञानेश्वरी, आणि ज्याला टेकून ज्ञानदेवांनीं गीतेचा अर्थ सांगितला अशी लोकांची श्रद्धा आहे तो पैसचा खांब. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा त्या ग्रंथाचा काळ. परंतु या गांवाची आणखी एक जुनी कथा आहे, आणि आजच्या विषयाला तीच अधिक जवळची आहे. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत विष्णूनें मोहिनीचें रूप घेऊन देवांना वाटलें, तें याच ठिकाणीं, असें येथील लोक सांगतात. गांवांतील मोहिनीराजाचें देऊळ ही त्या कथेची खूण. देवांची पंगत एकीकडे, दैत्यांची दुसरीकडे. अमृत मिळावयाचें तें एकाच पंगतीला. राहु वेष पालटून देवांत येऊन बसला. सूर्य आणि चंद्र यांनीं त्याला ओळखून तसें सांगितलें आणि त्याचें मस्तक उडालें. तें जेथें पडलें तें राहुरी, असेंहि या भागांत सांगतात.

राहूनें पुढें वैर धरलें तें कोणाशीं? पंगतींचा भेद ज्यानें ठरविला त्याच्याशीं नव्हे, आणि ज्याच्या चक्रानें मस्तक तोडलें त्याच्याशींहि नव्हे. नियमाकडे ज्यांनीं बोट दाखविलें त्या सूर्यचंद्रांशीं त्यानें वैर धरलें, आणि ग्रहणाच्या रूपानें तें अजून चालूं आहे असें पुराणें सांगतात.

मनुष्यस्वभावांतील याच खोडीची गेल्या दीडशें वर्षांतील हकीकत मला आज सांगावयाची आहे. सरकार नियम करतें. लोकांच्या अनुभवाला तो येतो मात्र दुकानाच्या फळीपाशीं. तेथें दुकानदार उभा असतो, आणि पुष्कळदां दुकानदारहि नव्हे, तर त्याचा महिन्याच्या पगारावरचा गुमास्ता किंवा माल तोलणारा एखादा पोऱ्या. कायदा करणारा मुंबईस किंवा दिल्लीस बसतो. ‘मिळणार नाहीं’ हे दोन शब्द उच्चारण्याचें काम तेवढें या माणसाच्या वांट्याला येतें. म्हणून गिऱ्हाइकाचा राग त्याच्यावर निघतो. हा राग सर्वस्वीं अन्यायाचा असतो असें मी म्हणत नाहीं. दुकानदार कांहीं सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. खरा प्रश्न असा आहे कीं, कायद्याचा जाच कोणता आणि दुकानदाराची लबाडी कोणती, हें फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसानें ओळखावें कसें?

जुन्या राजवटींत हें ओळखणें त्यामानानें सोपें होतें. पेशवाईंत पुण्यासारख्या पेठेंत वजनेंमापें तपासणें, जिनसांचे निरख ठरविणें, बाजारावर नजर ठेवणें हें कोतवालाचें काम असे. तो कारभार निर्दोष होता असें नाहीं. परंतु निरख ठरविणारा आणि निरखाप्रमाणें विकणारा एकाच शहरांत राहत. भाव अन्यायाचा वाटला तर चावडी चार पावलांवर होती.

इंग्रजी अमलांत हें अंतर एकदम वाढलें, आणि त्याचा पहिला मोठा भडका आपल्याच भागांत उडाला. गेल्या शतकाच्या मागील शतकांत खेड्यांतील वाणी हा बहुधा सावकारहि असे. मीठमिरची त्याच्याच दुकानांतून यावयाची आणि साऱ्याचा हप्ता भरावयास रुपयेहि त्याच्याकडूनच काढावयाचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. जुन्या कर्जाचें भूत कुळाच्या मानगुटीवर पिढ्यान् पिढ्या बसूं नये, हा हेतु चांगलाच होता. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपावयाच्या आंत सावकार नवा रोखा लिहून घेऊं लागला, आणि दर नव्या रोख्यांत मागलें व्याज मुदलांत मिळूं लागलें. त्यांतच अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें चढलेले कापसाचे भाव यादवी संपतांच कोसळले, आणि सरकारी साऱ्याचे दर वाढले.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, बाजाराच्या दिवशीं, लोकांनीं सावकारांचीं दुकानें व घरें लुटलीं आणि हिशोबाच्या वह्या जाळल्या. हें लोण अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर, श्रीगोंदें, नगर आणि कर्जत या तालुक्यांपर्यंत पोंचलें. लोकांना हवे होते ते रोखे. ते हातीं लागले कीं बहुतेक ठिकाणीं माणसाच्या अंगाला हात लावीत नसत. सावकार निर्दोष नव्हता. कायद्यानें दिलेली संधि त्यानें पुरेपूर साधली होती. परंतु मुदतीचा कायदा, साऱ्याचे दर आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे यांपैकीं एकहि वस्तु त्याच्या दुकानांत तयार झालेली नव्हती. कलकत्त्याचें कायदेमंडळ कुळाच्या हाताला लागण्यासारखें नव्हतें, वाण्याचें दुकान लागण्यासारखें होतें.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे त्याचे जिल्हे असल्यामुळें नेवासें तालुकाहि त्यांत आला. कोर्टानें रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासावा, कुळाचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावा, दिलेल्या पैशाची पावती व हिशोब कुळाला मिळावा, अशीं त्यांत कलमें होतीं. कुळाचें दारिद्र्य या कायद्यानें गेलें नाहीं. परंतु वाण्याच्या वहींत दडलेला व्यवहार चारचौघांसमोर लिहिला जावा, हें तत्त्व त्यानें प्रथम मांडलें. पुढील हकीकतींत हेंच तत्त्व पुन्हां पुन्हां भेटणार आहे.

पुढचा प्रसंग शहरांतला आहे. १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत दुकानें व संस्थांविषयींचा कायदा झाला. त्याच्या जागीं १९४८ सालीं दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. लोकांनीं त्याला नांव दिलें ‘गुमास्ता कायदा’. दुकान किती वाजतां बंद करावें, आठवड्याची सुटी कोणत्या दिवशीं द्यावी, नोकराकडून किती तास काम घ्यावें, हें त्यानें ठरवून दिलें. पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत फळीवर राबणाऱ्या नोकरासाठीं केलेला हा नियम होता. परंतु ठरल्या वेळेनंतर चार मिनिटांनीं आलेल्या गिऱ्हाइकाला दार लावून घेणारा गुमास्ता आळशी किंवा उर्मट वाटे. ज्या नियमानें त्याला घरीं जाऊन मुलांचें तोंड पाहण्याची सवड मिळाली, त्याच नियमापायीं त्याला रोज चार शब्द ऐकून घ्यावे लागले. २०१७ सालच्या नव्या कायद्यानें दुकानें बाराहि महिने उघडीं ठेवण्यास मोकळीक दिली आहे. आठवड्याची सुटी मात्र प्रत्येक नोकराला मिळालीच पाहिजे.

यानंतर आलें युद्धकाळचें रेशनिंग, आणि दुकानदारावर बोल येण्याचा खरा काळ तोच. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तेथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं बंगाल्यांत दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मुंबई शहरांत रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं सर थिओडोर ग्रेगरी यांच्या समितीनें मोठ्या शहरांतून रेशनिंग करावें अशी शिफारस केली. प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम धान्य, हें तिचें प्रमाण होतें. १९४६ च्या आरंभीं तें १२ औंसांवर, म्हणजे सुमारें ३४० ग्रॅमांवर आलें. शहरांत शिधापत्रिका, खेड्यांत लेव्ही व नियंत्रित वाटप, आणि कापडावर छापील किंमत, अशी ही व्यवस्था होती. ‘कंट्रोल’ हा शब्द तेव्हां खेड्यापाड्यांत शिरला तो कायमचा. आजहि कित्येक गांवांत स्वस्त धान्याच्या दुकानाला ‘कंट्रोलचें दुकान’ म्हणतात आणि तेथील गव्हाला ‘कंट्रोलचा गहू’.

या दुकानांत दुकानदाराचा धंदा पार बदलून गेला. पूर्वीं तो माल पारखून घेई, गिऱ्हाईक पाहून भाव सांगे, उधारी देई, अडल्यानडल्याला पदरचें चार शेर जास्त मापी. आतां माल सरकार देईल तो, भाव सरकार ठरवील तो, माणशीं माप सरकार सांगेल तें. तांदळांत खडे आले, ज्वारीला कीड लागली, तरी पोतें परत करण्याचा अधिकार बहुधा त्याच्या हातीं नव्हता. गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र त्याच्या हक्काच्या झाल्या. घरीं पाहुणे आले, लेक बाळंतपणाला आली, म्हणून कार्डावरील माणसें वाढत नव्हतीं. ओळखीच्या माणसाला ‘तुमच्या कार्डावर इतकेंच बसतें’ असें सांगतांना दुकानदाराचा आजवरचा सगळा शेजारधर्म पणाला लागे.

दुसरी बाजूहि तितकीच खरी. ‘काळा बाजार’ हा शब्दहि त्याच दिवसांत रूढ झाला, आणि तो कांहीं हवेंतून आला नाहीं. मेलेल्या माणसांच्या नांवांवर धान्य उचललें जाई, साखर मागील दारानें जाई, आणि पुढील दारीं ‘सरकारकडूनच आली नाहीं’ असें उत्तर मिळे. नियम आणि लबाडी यांची भाषा एकच झाली. प्रामाणिक दुकानदाराचें ‘नाहीं’ आणि लबाड दुकानदाराचें ‘नाहीं’ यांत कानाला कांहींच फरक कळत नव्हता. प्रामाणिकाचा जीव कासावीस होई तो यामुळें; लबाडाचें फावे तेंहि यामुळेंच. १९४७ च्या अखेरीस गांधीजींनीं नियंत्रणें उठवावींत असा आग्रह धरला तेव्हां त्यांचें म्हणणें हेंच होतें, कीं नियंत्रणांमुळें लबाडी वाढते आणि काळ्या बाजाराला जोर येतो. त्या डिसेंबरांत नियंत्रणें उठूं लागलीं; भाव इतके चढले कीं १९४८ संपण्यापूर्वींच तीं पुन्हां लादावीं लागलीं. नियंत्रण असलें तरी दुकानदार वाईट, आणि नसलें तरी तोच वाईट, असा अनुभव त्या एका वर्षांत त्याला आला.

विलायतेंतहि हेंच घडत होतें. तेथें जानेवारी १९४० मध्यें रेशनिंग सुरू झालें आणि जुलै १९५४ मध्यें संपलें. युद्धाच्या ऐन धुमाळींत न झालेलें पावाचें रेशनिंग युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्यें, तेथें आलें, आणि पाववाल्यांनीं त्याला कडाडून विरोध केला; कारण दर गिऱ्हाइकाचीं कुपनें मोजण्याचें काम त्यांच्यावर पडलें होतें. परंतु तेथील व्यवस्थेंत एक गोष्ट घेण्यासारखी होती. प्रत्येकाच्या हातीं स्वतःचें पुस्तक होतें आणि कोणत्या आठवड्यांत काय मिळावयाचें हें सरकार लोकांना परस्पर कळवीत असे. नियम दुकानदाराच्या तोंडून ऐकावा लागत नसल्यामुळें तो त्यानें बनविला असा संशयहि त्यामानानें कमी येई.

स्वराज्यांत दुकानदाराची पुढची परीक्षा झाली ती नाण्यांनीं आणि वजनांनीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे किंवा ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले. हिशोबानें एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु पाव पैशाचें नाणें कोठून आणावयाचें? म्हणून कोष्टकानें ठरविलें: एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि पावलीचे २५. आतां एकेका आण्याच्या चार वस्तु निरनिराळ्या घेतल्या तर २४ नवे पैसे होतात, आणि एकदम चार आण्यांचा माल घेतला तर २५. हा एक पैसा कोणाचा? कोष्टक सरकारचें, पण एक पैसा खाल्ल्याचा आरोप यावयाचा तो दुकानदारावर. जुनीं व नवीं नाणीं कांहीं वर्षें एकत्र चाललीं. १९६४ सालीं ‘नवा पैसा’ यांतील ‘नवा’ हा शब्द गेला, आणि त्याबरोबर हें भांडणहि मावळलें.

वजनांचें प्रकरण याहून नाजूक होतें. १९५६ च्या कायद्यान्वयें १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं आणि १९६२ पासून शेर कायद्यानें संपला. ऐंशीं तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅमांचा. किलो त्याहून मोठा. रुपयाला शेर मिळणारी जिन्नस किलोच्या हिशोबानें एक रुपया सात पैशांना पडणार, हें गणित बरोबर होतें. परंतु बाजारांत आलेल्या माणसाला ऐकूं येई तें एवढेंच, कीं कालपर्यंत रुपयाला मिळणारी वस्तु आज सात पैशांनीं महाग झाली. शिवाय आपल्याकडे ज्वारीबाजरी पायलीनें, शेरानें, मापट्यानें मापून घेण्याची रीत. मापाला शीग असते. शिगोशीग भरलेलें माप हा देणाऱ्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याचें समाधान. तागडींत शीग कोठून येणार? दोन्ही पारडीं समतोल झालीं कीं व्यवहार संपला. वजनानें एक दाणाहि कमी मिळाला नसेल, पण शीग गेली, आणि ती दुकानदारानें खाल्ली असें कित्येकांना मनापासून वाटलें. नेवासें किंवा घोडेगांव यांच्यासारख्या बाजारांत, जेथें शेतकरी एकाच दिवशीं विकणाराहि असतो आणि घेणाराहि असतो, तेथें ही रुखरुख दुहेरी होती.

तरीहि हें भांडण मिटलें, आणि कां मिटलें तें पाहण्यासारखें आहे. नवीं वजनें सरकारी छापाचीं होतीं; तीं ठराविक मुदतीनें तपासून त्यांवर नवा शिक्का मारून घ्यावा लागे. शेराकिलोचीं कोष्टकें छापून लोकांच्या हातीं गेलीं, शाळेंतून मुलें तीं शिकलीं आणि घरीं वडीलधाऱ्यांना समजावून सांगूं लागलीं. नियम दुकानदाराच्या तोंडांतून निघून लोखंडावर आणि कागदावर आला, तेव्हां दुकानदार त्यांतून सुटला. रुपयामागें सात पैसे अधिक पडण्याचें कारण आतां वाण्याच्या शब्दाशिवायहि पटूं लागलें.

स्वस्त धान्याच्या दुकानांत मात्र तसें झालें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत नगर जिल्हा फार होरपळला. परदेशांतून आणलेली तांबडी मिलो ज्वारी तेव्हां दुकानांतून वाटली गेली. शाळू-दगडीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना तिची भाकरी गोड लागेना, आणि रोष ती देणाऱ्या हातावर गेला. १९९९ पासून महाराष्ट्रांत पिवळ्या, केशरी व पांढऱ्या शिधापत्रिका आल्या. रंग ठरविला तो कचेरीनें. ‘तुमचें कार्ड केशरी, या भावानें मिळणार नाहीं’ हें सांगावें लागलें दुकानदाराला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांत माणशीं महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदळाचा भाव किलोला ३ रुपये, गव्हाचा २ रुपये, भरड धान्याचा १ रुपया. जानेवारी २०२३ पासून तें धान्य मोफत झालें. मधल्या काळांत ई-पॉस यंत्र आलें. आधाराशीं अंगठा जुळला तर धान्य. या यंत्रानें मेलेल्यांच्या नांवांवरील उचल थांबविण्यास मदत केली, हें खरें. परंतु ऊंसतोडीनें, खुरप्यानें, मातीकामानें ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाहीं, आणि रेंज नसली तर कोणाचाच ओळखत नाहीं. भर उन्हांत तिसरी खेप घातलेली म्हातारी यंत्राशीं भांडूं शकत नाहीं. ती यंत्र धरणाऱ्याशीं भांडते.

ही वस्तु केवळ धान्यापुरती राहिलेली नाहीं. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी अंमलांत आली. पिशवी मागणारें गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानीं जाई, आणि पिशवी देणाऱ्या दुकानदाराला पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड बसे. २०२० सालीं महामारींत तोंडावर मास्क नसल्यास माल देऊं नये, हें सांगण्याचें कामहि जगभर दुकानांतील नोकरांवरच आलें. सप्टेंबर २०२१ मध्यें जर्मनींतील इडार-ओबरश्टाइन येथें पेट्रोलच्या दुकानांत काम करणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें एका गिऱ्हाइकाला मास्क लावावयास सांगितलें. त्या गिऱ्हाइकानें परत येऊन त्याला गोळी घालून ठार केलें. तो नियम त्या मुलानें केलेला नव्हता. तो सांगण्याचा पगार त्याला मिळत होता, इतकाच त्याचा त्या नियमाशीं संबंध.

श्रोतेहो, या सर्व हकीकतींतून दुकानदाराची कीव करावी एवढाच बोध घ्यावयाचा असता, तर एवढें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. खरी हानि गिऱ्हाइकाची होते. जो राग फळीपाशीं सांडतो तो कचेरीपर्यंत पोंचत नाहीं. मुदतीच्या कायद्यांतील दोष १८५९ पासून जाचत होता. तो सरकारच्या ध्यानीं यावयास सोळा वर्षें आणि जळालेल्या वह्या लागल्या. ज्या म्हातारीचा अंगठा जुळत नाहीं तिची तक्रार दुकानदारावरील संतापांत विरून गेली, तर पुढच्या महिन्यांतहि तो जुळणार नाहीं.

अन्नसुरक्षेच्या कायद्यांत यासाठीं तजवीज आहे. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्याला अन्न आयोग आहे, दुकानावर देखरेखीसाठीं दक्षता समित्या आहेत, आणि आपल्या वांट्याला किती धान्य आलें हें विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुकानाबाहेरील फलक वाचावा, पावती मागून घ्यावी, तींतील आंकडा आणि पिशवींतील धान्य ताडून पाहावें. वजन कमी भरलें तर तेथल्या तेथें दुकानदाराला जाब विचारावा. तो त्याचा दोष आहे आणि त्यांत भीड धरण्याचें कारण नाहीं. वजन बरोबर असून नियमच जाचक असेल, तर दोन ओळींचा अर्ज लिहून तालुक्याच्या कचेरींत द्यावा आणि त्याची पोंच घ्यावी. शक्य तर त्या अर्जावर दुकानदाराचीहि सही घ्यावी. त्या नियमाचा जाच त्यालाहि रोज होत असतो, आणि तो किती जणांना होतो हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतें.